ऐकू येईल इतक्या अंतरावर

कोर्टानं मार्फाला मोठी अशी अट एकच घातली होती, पण तिच्या पोटात बाकीच्या छप्पन्न अटी मावल्या असत्या. पोरगा चोवीस तास तिला दिसला पाहिजे, नाहीतर ऐकू तरी आला पाहिजे. दिसत नाही आणि ऐकूही येत नाही असा एक क्षण गेला, की तिनं फोन उचलून पोलिसांना सांगायचं. नाही सांगितलं तर पोराच्या जोडीला तीही आत. जामिनावर सुटलेल्या माणसाच्या अशा राखणदाराला आमच्याकडे कोर्टात हात वर करून शपथ घ्यावी लागते. मार्फानं घेतली होती.

पोरगा म्हणजे डेमियन, तिच्या मेलेल्या धाकट्या बहिणीचा मुलगा. वय बावीस. मार्च महिन्यात खाली नदीच्या मुखाकडच्या गावात त्यानं येफिमला रायफलीनं गोळी घातली. येफिम काही परका नव्हता, नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासूनचा दोस्त. गोळी कुशीतून शिरून मणक्यात बसली आणि पडताना डोकं शेगडीच्या कडेवर आपटलं. जीव वाचला, पण पाय गेले ते गेलेच, आणि त्या दिवसाचं त्याला काही म्हणता काही आठवेना. डेमियनचं म्हणणं असं, की दोघं घरची दारू प्यायलो होतो, येफिम कुऱ्हाड घेऊन माझ्या अंगावर आला, म्हणून मी चाप ओढला. कुऱ्हाड येफिमच्या हाताशी सापडली होती. तिसरं माणूस तिथे नव्हतं.

गाव जेमतेम तीनशे वस्तीचं, आणि येफिमचं घर डेमियनच्या घरापासून चार घरं सोडून. तिथे त्याला परत पाठवणं शक्यच नव्हतं. म्हणून त्याच्या वकीलबाई, गिलक्रिस्ट नावाच्या, नदीच्या वरच्या अंगाला, कोर्ट असलेल्या बेथेल गावात राखणदार शोधायला लागल्या. तीन आठवडे त्यांनी डेमियनचा सगळा गोतावळा पालथा घातला. एका मामावर दारू विकल्याचा खटला, एका आत्याच्या नवऱ्यावर मारहाणीचा, चुलतभावाकडे झोपायला जागा नाही. उरली मार्फा. अठ्ठावन्न वर्षांची, विधवा, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, आयुष्यात पोलिसांशी बोलली असेल ती हरवलेल्या कुत्र्याबद्दल. सरळ वागणाऱ्या माणसाचं नशीब हे असं. सगळ्या खानदानाचं लचांड शेवटी त्याच्याच गळ्यात येतं.

शपथेच्या त्या पहिल्या दिवशी सरकारी वकिलानं तिला चांगलंच उलटंपालटं केलं. पोरगेलासा माणूस, दक्षिणेकडून नुकताच आलेला, हिवाळा एकच काढलेला.

"तुमचा भाचा दारू प्यायला तर पोलिसांना फोन कराल?"

मार्फानं भुवया उंचावल्या. आमच्यात होकार असाच देतात. उगाच तोंड कशाला वाजवायचं? वकील वाट बघत राहिला. त्यानं पुन्हा विचारलं, मार्फानं पुन्हा भुवया उंचावल्या, जरा जास्तच. त्याला वाटलं म्हातारी टाळतेय. शेवटी न्यायाधीशबाई म्हणाल्या, "मार्फाबाई, इथलं सगळं बोलणं टेपवर जातं. टेपला तुमच्या भुवया दिसत नाहीत."

"हो," मार्फा म्हणाली. "करीन फोन."

"पहाटे तीन वाजता? तुमच्या सख्ख्या बहिणीच्या मुलाविरुद्ध?"

"पहाटे तीनला मी जागीच असते. माझे गुडघे दुखतात."

कोर्टात दोघंतिघं हसले. डेमियनही हसला, आणि बेड्यांतले हात तोंडावर नेऊन त्यानं ते हसू लपवलं. त्या हसण्यात मार्फाला बहीण दिसली, हुबेहूब. आन्ना गेली तेव्हा इस्पितळात तिचा हात धरून म्हणाली होती, माझ्या पोराला एकटं टाकू नकोस. मार्फानं तेव्हाही भुवयाच उंचावल्या होत्या, आणि आन्नाला त्या दिसल्या होत्या.

घरात बंदूक नको, ही दुसरी अट. मार्फाच्या नवऱ्याच्या मागे चार बंदुका होत्या, एक सील मारायची, एक मूस म्हणजे मोठ्या हरणाची, दोन पाखरांच्या. त्या सगळ्या दिराकडे गेल्या. बिनबंदुकीचं घर म्हणजे आमच्याकडे बिनचुलीचं घर. मे महिन्यात आभाळ बदकांनी काळं झालं तरी हे मावशी-भाचे खिडकीत बसून नुसते बघत होते. शेजारपाजारच्यांनी दोन-चार पाखरं आणून दिली म्हणून रस्सा तरी झाला. शाळेची नोकरी तिला सोडावीच लागली, कारण आरोपीला बरोबर घेऊन मुलांच्या ताटांत वाढायचं कसं? पहिल्या महिन्यात दोघं एकमेकांना इतके विटले की काही विचारू नका. ती न्हाणीत गेली की तो बाहेर उभा राहून मोठमोठ्यानं गायचा, म्हणजे तिला ऐकू यावं. तो आत गेला की आतून भिंत वाजवायचा.

"मावशी, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय रे मेल्या. सगळा मोहल्ला ऐकतोय."

पण पोरगा वाईट नव्हता. हे मी नुसतं म्हणत नाही, मार्फाच्या तोंडून सगळ्यांनीच ऐकलंय. पाण्याची गाडी आली की घरची टाकी भरून घ्यायचा, संडासातलं घाणीचं पिंप न सांगता बाहेर न्यायचा, तिच्या गुडघ्यांना सीलचं तेल चोळून द्यायचा. दारूचा थेंब नाही. रात्री ती त्याच्या दाराला आडवी गादी टाकून झोपायची, तर हा तिला ओलांडताना पाय लागू नये म्हणून पहाटेपर्यंत लघवी दाबून धरायचा. डोळ्यांत तेल घालून राखण करायला लागावी असं त्याच्यात तिला काही दिसेना. अंगावर कुऱ्हाड आली तर कुणीही काय करील, असं ती दुकानात, चर्चमध्ये, जो भेटेल त्याला सांगत सुटली. येफिमची आई पेलागिया आणि मार्फा वीस उन्हाळे मासेमारीच्या मुक्कामावर एकाच फळीला समोरासमोर उभ्या राहून मासे कापत आलेल्या. तरी मार्फा सांगायची. पेलागियाचा पोरगा पिऊन आडदांड होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे, असंही एकदा बोलून गेली. जिभेला कुठे हाड असतं?

आता वाफघराचं सांगायला हवं, कारण सगळं घडलं ते तिथे. आमच्याकडे घरामागे लाकडाची एक ठेंगणी खोली असते. आत दगड तापवून पाणी मारायचं आणि कातडी लाल होईपर्यंत बसायचं. पुरुष आधी, बायका नंतर. बाहेर एकमेकांना "बरं आहे" यापलीकडे न बोलणारी माणसं तिथे अंधारात, उघडी-नागडी बसली की बोलतात. डेमियनला पुरुषांबरोबर जायचं होतं. मार्फाला आत जाता येत नव्हतं आणि त्याला नजरेआडही करता येत नव्हतं. तिनं वकीलबाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, कागदावर 'दिसणं किंवा ऐकू येणं' असं आहे, तेव्हा भिंतीला लागून बसा.

मग दर शनिवारी दुपारी मार्फा पालथ्या बादलीवर, वाफघराच्या फळ्यांना पाठ लावून बसू लागली. डास फोडून काढायचे. येणारेजाणारे टोमणे मारायचे. "काय मार्फा, म्हातारपणी पुरुषांच्या वाफेचा नाद लागला?" ती म्हणायची, "वाफ कसली, सगळे थंडगार आहेत आत." आतून हसण्याचा गडगडाट व्हायचा. ते तिला आवडायचं, खोटं कशाला बोला. कितीतरी दिवसांत तिच्या घरामागे कुणी हसलं नव्हतं.

जूनच्या पहिल्या शनिवारी बाकीचे जाळी दुरुस्त करायला गेले होते. आत दोघंच होते, डेमियन आणि नोआ आजोबा. नोआ आजोबा मार्फाच्या नवऱ्याचे चुलते, ऐंशी पार केलेले, आणि कानांनी जवळजवळ गेलेले. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. ऐकण्याची यंत्रं ते वाफेत काढून ठेवतात.

आधी नुसता पाण्याचा चर्र आवाज. मग डेमियन काहीतरी म्हणाला. आजोबा म्हणाले, "काय?" तो पुन्हा म्हणाला. "मोठ्यानं बोल रे."

"म्हटलं, ती कुऱ्हाड त्याच्या हातात नव्हती."

मार्फाच्या हातातला डास मारायचा फडका तसाच राहिला.

"कुणाच्या हातात?"

"येफिमच्या. भिंतीवर होती, खिळ्याला. तो बसलेला होता, आजोबा. हसत होता."

"कशाला हसत होता?"

"मला. मी रडत होतो, आईचं काहीतरी बोलताना. तर तो हसला. मी रायफल उचलली. मग तो पडल्यावर मी कुऱ्हाड काढून त्याच्या हाताशी ठेवली."

 आजोबांनी दगडांवर पाणी मारलं.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. येफिमला आठवत नाही."

"मग आता मला का सांगतोस?"

यावर डेमियन रडायला लागला. ते मात्र मोठ्यानं नव्हतं, पण फळ्यांना पाठ लावून बसलेल्या बाईला सगळं ऐकू आलं. कोर्टानं सांगितलं होतं तेवढंच ती करत होती, ऐकत होती. उठून पाच पावलं लांब जावं असं तिच्या मनात आलं. पण पाच पावलांवर ऐकू येत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. शपथेनं बांधलेली बाई, बसून राहिली.

तो बाहेर आला तेव्हा अंगातून वाफा निघत होत्या. तिच्याकडे बघून तो थबकला.

"काय ऐकलंस?"

"आजोबा बहिरे आहेत," मार्फा म्हणाली. "मी नाही."

त्यानं टॉवेल तोंडावर दाबून धरला.  फळ्यांच्या पायवाटेवर तो पुढे, ती दोन पावलं मागे. दारात आल्यावर तो न वळता म्हणाला, "कोर्टात तुला फक्त अटींबद्दल विचारतात, मावशी. मी एकही मोडलेली नाही."

ते खरं होतं, आणि म्हणूनच तिला जास्त लागलं. पोरगं रडत सांगतं काय आणि तासाभरात कायद्याची फट शोधतं काय. तिला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्ही न करता तिनं चहा टाकला.

सोमवारी तो न्हाणीत भिंत वाजवत असताना तिनं वकीलबाईंना फोन लावला. "मला अटी सोडून दुसरं काही कळलं असेल तर काय करायचं?"

 मग गिलक्रिस्टबाई भराभर बोलल्या, "मार्फा, मी त्याची वकील आहे, तुमची नाही. पुढचं वाक्य मला सांगू नका." मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "सुनावणी जवळ आली आहे. त्याला तुमच्याबरोबर मासेमारीच्या मुक्कामावर जाऊ द्यावं असा अर्ज केलाय मी. तो मंजूर झाला तर उन्हाळा नदीवर काढा. आणि कुऱ्हाडीचा मुद्दा असा टिकला तर खटला उभाच राहणार नाही कदाचित."

मग ते दिवस कसे गेले ते मार्फाचं तिला ठाऊक. अन्न गोड लागेना. रात्री, म्हणजे नावाची रात्र, कारण तेव्हा धड अंधार पडतच नाही, ती दाराआड आडवी पडून त्याचा श्वास ऐकत राहायची. आन्नाला दिलेला शब्द एकीकडे. दुसरीकडे पेलागिया, जिच्या पोराला ती गावभर बोल लावत आली होती. मुक्कामावर पेलागियाची जागा तिच्या समोरच असायची. या उन्हाळ्यात ती जागा रिकामी राहणार होती, कारण पेलागिया अँकरेज शहरातल्या इस्पितळात पोराला खुर्चीत बसायला शिकवत होती. आपण काही न बोलता मासे कापत राहिलो तर कापले जातील का, असं मार्फा स्वतःला विचारायची. सुरी चालेल की. हात आपसूक चालतात. याचंच तिला भय वाटायचं.

पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी सुनावणी होती, कोर्टात गर्दी नव्हती. डेमियन इस्त्रीचा शर्ट घालून वकीलबाईंच्या शेजारी. मार्फा त्याच्या मागच्या बाकावर. आमच्या भाषेचं इंग्रजी करून सांगायला बालासिया होती, पन्नाशीची, सगळ्यांना ओळखणारी. टेबलावरच्या फोनवर अँकरेजहून पेलागिया. गुन्ह्यात जखमी झालेल्या माणसाच्या घरच्यांना जामिनाच्या वेळी बोलायचा हक्क असतो. ती कडाडून विरोध करणार, हे सरकारी वकिलानं गृहीतच धरलं होतं. मार्फानंही धरलं होतं. तिला तर तसंच हवं होतं. पेलागियानं नको म्हणावं, न्यायाधीशबाईंनी अर्ज फेटाळावा आणि आपल्याला तोंड उघडावंच लागू नये.

पेलागियाचा आवाज थकलेला होता. "माझा विरोध नाही," ती म्हणाली. "पोराला मासे धरायला जाऊ दे. येफिमलाच काही बोलायचंय."

फोनची खुडबुड झाली. मग येफिमचा आवाज आला, सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवत.

"डेमियन? मला काही आठवत नाही रे. पण सगळे सांगतात मी कुऱ्हाड घेऊन आलो होतो. तू घाबरला असशील. मला माफ कर. मी परत कधी पिणार नाही." मग म्हणाला, "जाळं माझ्याच जागी टाक. तिथे मोठे मासे लागतात."

डेमियनची मान खाली गेली ती वर आलीच नाही. मागून मार्फाला फक्त त्याचे कान दिसत होते, लाल झालेले. आता बोल, ती मनात म्हणत होती. तू बोल, मला बोलायला लावू नकोस. तो बोलला नाही. गिलक्रिस्टबाई कागदांकडे बघत होत्या.

न्यायाधीशबाईंनी डोळे पुसले की चष्मा, कुणास ठाऊक. "कोर्ट अर्ज मंजूर करण्याच्या विचारात आहे," त्या म्हणाल्या. "मार्फाबाई, त्यानं एखादी अट मोडली आहे?"

मार्फा उभी राहिली. "नाही. एकही नाही."

"राखणदार म्हणून पुढेही राहायला तयार आहात?"

 मार्फा टेबलावरच्या फोनकडे वळली आणि आपल्या भाषेत बोलली, कोर्टाशी नाही, पेलागियाशी, मासे कापताना बोलतात तशी.

"पेलागिया, कुऱ्हाड भिंतीवर होती. तुझा पोरगा बसलेला होता. तो उठलाच नव्हता. कुऱ्हाड नंतर त्याच्या हाताशी ठेवली. डेमियनच्या तोंडून मी ऐकलंय, माझ्या या कानांनी."

डेमियन गर्रकन वळला. "मावशी," एवढंच म्हणाला.

"काय म्हणाल्या त्या?" न्यायाधीशबाईंनी विचारलं. बालासियानं मार्फाकडे पाहिलं, डेमियनकडे पाहिलं, आणि शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला. मग एकच गलका झाला. गिलक्रिस्टबाई उभ्या राहून हे नोंदीतून काढा म्हणत होत्या, सरकारी वकील भराभर लिहीत होता. न्यायाधीशबाईंनी दोघांना गप्प केलं आणि राखणदारीचा प्रश्न पुन्हा विचारला.

"नाही," मार्फा म्हणाली. "आता माझ्याच्यानं नाही होणार."

राखणदार नाही म्हणजे जामीन नाही. दारातला शिपाई पुढे आला. डेमियननं आपणहून हात मागे केले आणि ती दिसणार नाही अशा बेतानं तोंड फिरवलं. त्याला नेलं तेव्हा मार्फा सवयीनं त्याच्या मागोमाग निघाली. बालासियानं तिच्या दंडाला धरून थांबवलं.

फोन चालूच होता. पलीकडे कुणीतरी लहान मुलासारखं हुंदके देत होतं. मग पेलागियाचा आवाज आला, आमच्याच भाषेत.

"मार्फा, कधीपासून माहीत आहे तुला?"

"अकरा दिवस."

"अकरा दिवस," पेलागिया म्हणाली. "रोज झोपण्याआधी हा देवापुढे डेमियनची माफी मागतो. मी शेजारी बसून म्हणते, माग बाळा, मागायलाच हवी. अकरा दिवसांत तू एक फोन केला असतास, तर अकरा वेळा तरी मी हे म्हटलं नसतं."

फोन ठेवल्याचा आवाज आला. न्यायाधीशबाईंनी विचारलं, त्या काय म्हणाल्या? बालासियाला सांगणं भागच होतं. तिनं हळू आवाजात सगळं इंग्रजीत सांगितलं, 'अकरा वेळा' हे शब्दसुद्धा. आणि मार्फाला ते दुसऱ्यांदा ऐकावं लागलं.